वांगी रंग दुपारी वेगळा, सव्वापाचला वेगळा आणि दिवेलागणीला तिसराच. असं का?

मॅचिंगवाली_दादर

नमस्कार मंडळी,

दादर पश्चिमेला रानडे रोडच्या एका गल्लीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझी जाऊ बघतो. फॉल, अस्तर, परकर, टू बाय टू रुबिया, सणासुदीला खणाचे पीस. जागा लहान, पण भिंतभर ताके. एकट्या हिरव्यात पोपटी, शेवाळी, रामा, मेंदी, बॉटल ग्रीन असे इतके प्रकार आहेत की नवीन मुलीचा हात बसायला बराच काळ जातो.

आमच्या धंद्यातली पहिली शिकवण म्हणजे साडी आणि पीस घेऊन दाराशी जायचं आणि बाहेरच्या उजेडात बघायचं. ट्यूबखाली रंग ठरवायचा नाही. गिऱ्हाईकही तेच म्हणतं, "जरा उजेडात दाखवा हो." माझा प्रश्न या उजेडाबद्दलच आहे.

आमचं दार पश्चिमेला. परवा एक बाई वांगी रंगाची सिल्कची साडी घेऊन आल्या. सव्वापाच वाजले असतील. डिसेंबरचं ऊन, गल्लीतून सरळ आत येत होतं. मी रुबियाचे दोन पीस काढले, एक वांगी आणि एक वाइन कलरचा. दाराशी नेले तर दोन्ही साडीला तंतोतंत लागत होते. त्यांना वाइनचं कापड हाताला जास्त मऊ वाटलं, तो घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी साडीसकट परत आल्या आणि म्हणाल्या, "हे बघा." साडी स्वच्छ जांभळी आणि पीस लालसर. शेजारी वांगी धरला तर तो साडीत मिसळून गेला. तोच दरवाजा, तोच सूर्य!

बदलून दिला, त्याचं काही नाही. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी त्या दोन्ही रंगांचे तुकडे काउंटरवर ठेवले आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा दाराशी जाऊन बघत राहिले. बाराला दोन्ही इतके वेगळे की लहान मूलसुद्धा ओळखेल. चार वाजेपर्यंत तसेच. पाच वाजून गेल्यावर फरक विरत जातो, आणि सव्वापाच-साडेपाचला खरंच कुठला कुठला ते कळत नाही. मग सूर्य जातो. गल्लीतले दिवे लागायच्या आधी जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात त्यात वांगी एकदम निळ्याकडे झुकतो आणि शेजारचा डाळिंबी पार काळपट होतो. म्हणजे आधी लालसर आणि मग निळसर, अर्ध्या-पाऊण तासात.

माझी जाऊ म्हणते, मुंबईच्या धुरामुळे आणि धुळीमुळे संध्याकाळचं ऊन पिवळं होतं. पण माझं माहेर देवगडचं. तिथे कसला आलाय धूर, तरी संध्याकाळी अंगण पिवळंधमक होतं.

तर जाणकारांनो, सूर्य तोच असताना उन्हाचा रंग वाटेत कोण बदलतं? त्यात धुळीचा हात किती? आणि आम्ही कुठल्या वेळच्या उजेडावर भरवसा ठेवायचा? कपड्याशी सांधून सांगितलंत तर मुलींनाही समजावता येईल.

लाइट_गोरेगाव

ताई, मी सिनेमाच्या लाइट डिपार्टमेंटला काम करतो. तुम्ही जे दाराशी बघता ते आम्ही रोज आउटडोअरला बघतो.

आमच्याकडे उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. आकडा कमी तेवढा उजेड पिवळा-लाल, आकडा मोठा तेवढा निळा. भर दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. सूर्य खाली आला की ३०००, अगदी टेकताना त्याहूनही कमी. आणि त्याच वेळी तुम्ही इमारतीच्या सावलीत उभ्या राहिलात, वर स्वच्छ निळं आभाळ असेल, तर तिथला उजेड ८००० ते १०,००० पर्यंत जातो. म्हणजे एकाच गल्लीत, एकाच मिनिटाला, उन्हातला आणि सावलीतला उजेड दोन टोकांचे असतात.

चार वाजता सुरू केलेला सीन सव्वापाचपर्यंत लांबला की नटाचा चेहरा आधीच्या शॉटशी जुळत नाही. मग दिव्यांवर निळं जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद), थर्माकोल लावून उजेड फिरवणं, सगळी धावपळ सुरू होते. शेजारी उभ्या माणसाला काहीच बदललेलं जाणवत नाही, कारण डोळा आपोआप जुळवून घेतो. कॅमेरा जुळवून घेत नाही, म्हणून तो पकडतो.

तुमच्या कामाची एक गोष्ट. दाराशी साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद धरत जा. कागद पिवळट दिसला की त्या उजेडात ठरवू नका. साडीच्या रंगाने डोळा फसतो, कागदाने लवकर सावध होतो.

रंगखाते

ताई, या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. १९७३ साली माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेतून बाहेर पडलो, तेव्हा तिला यूडीसीटी म्हणत, आताची आयसीटी. परळच्या एका गिरणीच्या रंगखात्यात लागलो, संपानंतर तारापूरला प्रोसेस हाउसमध्ये गेलो. सगळी नोकरी शेड पास करण्यात गेली. पार्टीचा नमुना एका हातात, आपला लॅब-डिप, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेला तुकडा, दुसऱ्या हातात, आणि खिडकी.

आधी उन्हाचं बघू. सूर्याकडून निघतो तो उजेड पांढरा, म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग एकत्र. हवेत शिरल्यावर हवेचे रेणू त्यातला थोडा थोडा उजेड बाजूला उधळतात, आणि या उधळण्यात निळ्याला सगळ्यात जास्त धक्का बसतो, तांबड्याला सगळ्यात कमी. उधळलेला निळा नाहीसा होत नाही, तोच आपल्याला आभाळ म्हणून दिसतो. म्हणजे सूर्याच्या किरणांतून जो निळा वजा झाला तो आभाळातून दुसऱ्या वाटेने आपल्यापर्यंत येतो. हे एक वाक्य मुलींच्या डोक्यात बसवा, पुढचं सगळं त्यातून निघतं.

दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा किरणांना हवेचा थर सरळ ओलांडायचा असतो. वाट लहान, निळा थोडाच गळतो. संध्याकाळी तेच किरण तिरके येतात. काकडी आडवी सरळ कापली तर चकती छोटी निघते, तिरकी कापली तर केवढी लांब, तसंच. थर तोच, पण त्यातून जायचं अंतर कितीतरी वाढतं आणि निळा वाटेतच संपत जातो. उरतो तो पिवळा, मग केशरी, मग तांबडा.

हे गच्चीवर बघता येतं. साडेचार-पाचच्या सुमाराला पांढरा कागद उन्हात ठेवा आणि त्यावर पेन्सिल उभी धरा. पेन्सिलीची सावली नीट न्याहाळा. ती काळी नसते, निळसर असते, कारण तिथे सूर्याचं ऊन पोचत नाही, फक्त आभाळाचा उजेड पोचतो. बाजूचा कागद पिवळट आणि सावली निळसर. एका कागदावर उन्हाचे दोन वाटे वेगवेगळे मांडलेले दिसतील.

आता तुमचे दोन पीस. वांगी रंग म्हणजे काय? ते कापड निळ्या टोकाचा उजेड परत पाठवतं, तांबड्या टोकाचाही पाठवतं आणि मधला हिरवा-पिवळा गिळतं. वाइन कलरचं कापडही जवळजवळ तेच करतं, फक्त निळा कमी परत पाठवतं. दोघांतला सगळा फरक निळ्या टोकाला आहे. सव्वापाचच्या उन्हात निळा आधीच फार उतरलेला. जो उजेड कापडावर पडलाच नाही तो कापड परत कुठून पाठवणार? दोघांनी तांबडा तेवढा परत दिला, आणि तुम्हाला दोन्ही एक दिसले. तुमची नजर अगदी बरोबर होती. उजेडात तो फरक दाखवायची ताकद उरली नव्हती.

याहून खोल एक गोष्ट आहे, आणि मॅचिंगच्या धंद्यात ती रोज गाठ घालते. साडी सिल्कची, पीस सुती. सिल्क ॲसिड रंगांनी रंगवतात, सुतीला रिॲक्टिव्ह किंवा व्हॅट रंग लागतात, पॉलिएस्टर असेल तर डिस्पर्स. म्हणजे साडी आणि ब्लाउज यांच्यात एकच रंगद्रव्य असणं जवळपास अशक्य. वेगवेगळी द्रव्यं वापरून आपण डोळ्याला सारखा दिसणारा रंग साधतो, पण प्रत्येक द्रव्य कुठला उजेड किती गिळतं याचा हिशोब वेगळा असतो. म्हणून एका उजेडात जोडी जमते आणि दुसऱ्यात फुटते. आम्ही याला मेटामेरिझम म्हणायचो. गिरणीत याच्यावरून पार्टीशी वाद व्हायचे, लॉटच्या लॉट अडकून पडायचे, आणि दोन्ही बाजू आपापल्या उजेडात खऱ्या असायच्या.

हे वाद मिटावेत म्हणून उजेडाचंच प्रमाण ठरवलं गेलं. सीआयई नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने १९३१ साली ए, बी आणि सी असे तीन प्रमाण उजेड ठरवले. ए म्हणजे साध्या बल्बचा, बी म्हणजे दुपारच्या उन्हाचा, सी म्हणजे आभाळासकट दिवसाचा. पुढे १९६० च्या दशकात डी मालिका आली आणि त्यातला डी ६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड, आज सगळ्या कापडधंद्यात चालतो. दुपारच्या ऊन आणि आभाळ यांच्या बेरजेच्या तो जवळ आहे. प्रोसेस हाउसमध्ये राखाडी रंगाची मॅचिंग कॅबिनेट असते, तिच्यात डी ६५, बल्ब आणि टीएल ८४ ही दुकानातली ट्यूब, अशी बटणं असतात. तिन्हींत जोडी टिकली तरच शेड पास.

कॅबिनेट यायच्या आधी आमच्याकडे उत्तरेची खिडकी होती. लालबाग-परळच्या पुलावरून अजून काही ठिकाणी गिरण्यांची दातेरी छपरं दिसतात. त्या दात्यांची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला. साचेखात्यात दिवसभर सारखा उजेड मिळावा, थेट ऊन आत येऊ नये, म्हणून तशी रचना. उत्तरेचं आभाळ दिवसभर फार बदलत नाही. मुंबईत एक भानगड मात्र आहे. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेवढे दिवस ऊन उत्तरेच्या काचेतून डोकावतं. आम्ही त्या काळात काचेला आतून पांढरा कागद लावायचो.

तुमच्यासाठी सांगायचं तर दहा ते तीन या वेळात, उन्हात नाही आणि दुकानाच्या आतही नाही, दाराबाहेर वर मोकळं आभाळ दिसेल अशा सावलीत कापड धरा. तो उजेड थोडा निळसर असतो, पण फरक दाखवण्यात चोख. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं तर उन्हाकडे पाठ करा आणि कापडावर आपल्या अंगाची सावली पाडून बघा. आभाळाकडून येणारा निळा तेवढ्याने तरी कामाला येतो.

भौतिकी_ठाणे

रंगखाते काकांनी गाभा फार छान सांगितला. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, धुळीच्या प्रश्नावर आणि आकड्यांवर लिहिते.

रेणूंकडून होणाऱ्या या उधळणीचा नियम लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडला. तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. चौथ्या घाताला फार महत्त्व आहे. तांबड्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर धरली आणि निळ्याची ४५०, तर लांबीतला फरक दीडपटही नाही, पण उधळणीतला फरक सव्वाचार पटीच्या वर जातो.

अगदी स्वच्छ हवा धरून हिशोब केला तर सूर्य डोक्यावर असताना निळ्याचा साधारण ८० टक्के आणि तांबड्याचा ९५ टक्के भाग थेट खाली पोचतो. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर आला की हवेतली वाट साडेपाच पट होते. निळा तिशीच्या आत येतो, तांबडा अजून ७५ टक्क्यांच्या आसपास असतो. सूर्य क्षितिजावर टेकलेला असताना वाट सुमारे ३८ पट. तेव्हा तांबड्याचा सहावा-सातवा हिस्सा उरतो आणि निळा हजारात एक भागसुद्धा नाही.

ताई, मुंबईत डिसेंबरात सूर्य १० अंशांवर येतो तो सव्वापाचच्या सुमारास. तुमचे पीस एकसारखे झाले तीच वेळ! मे महिन्यात तीच स्थिती साडेसहाला जरा कमी असताना येते. त्यामुळे दुकानात "पाचनंतर दाराशी बघायचं नाही" असा बारमाही नियम केलात तर उन्हाळ्यात चांगला तासभर फुकट जाईल. घड्याळापेक्षा सूर्यास्ताच्या आधी किती वेळ आहे ते बघा. शेवटचा एक ते सव्वा तास टाळा.

आता धूळ. हा गैरसमज पाठ्यपुस्तकं वाचलेल्या मुलांतही पक्का असतो, म्हणून ठासून सांगते. ऊन पिवळं-तांबडं व्हायला धूळ लागत नाही, निव्वळ हवा पुरते. देवगडचं अंगण त्याचा चांगला पुरावा आहे. धूळ, मिठाचे कण, धुक्याचे थेंब हे प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे असले की सगळ्याच रंगांना जवळजवळ सारखं उधळतात. त्यामुळे आभाळ निळं न राहता पांढुरकं होतं आणि ऊन मळकट होतं. फार बारीक धुराचे कण असले तर ते निळ्याला थोडं जास्त उधळतात आणि पिवळेपणात भर घालतात, पण मुळात रंग आणणारे ते नव्हेत.

मुंबईत दोन्ही प्रकार बघायला मिळतात. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या एखाद्या धुऊन निघालेल्या संध्याकाळी, वरळी सीफेसवर सूर्य पाण्याला टेकेपर्यंत झळझळीत केशरी असतो. जानेवारीत वारा मंद असतो, थंड हवा खाली आणि उबदार हवा वर अशी उलटी रचना होते आणि सगळा धूर जमिनीलगत अडकून राहतो. तेव्हा सूर्य पाण्यापासून बराच वर असतानाच फिकट लाल चकती होते आणि समुद्राला न टेकताच करड्या पडद्यात विरून जाते. ज्यांना तो लाल गोळा सुंदर वाटतो त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण तो आपल्या फुप्फुसात काय जातंय ते सांगत असतो आणि मला ते बघवत नाही.

कण सगळे एकाच ठरावीक मापाचे असले तर उलटाही खेळ होतो. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, त्यानंतर सप्टेंबरात श्रीलंका आणि मद्रासकडच्या लोकांना सूर्य हिरवा-निळा दिसला होता. त्या कणांनी निळ्यापेक्षा तांबडा जास्त अडवला.

सूर्य मावळल्यावर वांगी निळ्याकडे का झुकतो हा ताईंच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग. तेव्हा थेट ऊन संपलेलं असतं, उरतो तो फक्त वरच्या आभाळाचा उजेड. तो उजेड आपल्याकडे येताना ओझोनच्या थरातून फार लांबचा तिरका प्रवास करतो. ओझोन अतिनील शोषतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो पिवळ्या-केशरी पट्ट्यातलाही थोडा प्रकाश शोषतो. दिवसा ते जाणवत नाही, संधिप्रकाशात जाणवतं. हे १९५३ मध्ये हलबर्ट यांनी दाखवलं, त्याआधी संधिप्रकाशाचा निळाही नुसत्या रॅलेच्या नियमाच्या खात्यावर टाकला जात असे. नुसत्या त्या नियमाने हिशोब केला तर मावळतीनंतर डोक्यावरचं आभाळ पिवळट दिसायला हवं. ते गडद निळं दिसतं ते ओझोनमुळे. त्यात भर म्हणून, उजेड कमी झाला की डोळ्याची तांबड्याची जाण आधी मंदावते आणि निळ्याची टिकते. तुमचा डाळिंबी काळपट झाला तो त्यामुळे. या डोळ्याच्या गुणाला पुर्किन्ये या १९व्या शतकातल्या चेक वैज्ञानिकाचं नाव आहे.

जाता जाता, या विषयाचं मुंबईशी एक नातं आहे. समुद्र निळा दिसतो तो आभाळाच्या प्रतिबिंबामुळे असं रॅले म्हणत. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन युरोपहून नारकुंडा बोटीने परत येत होते. त्यांनी बोटीवरूनच निकोल प्रिझममधून पृष्ठभागावरची चमक काढून टाकून पाणी बघितलं, तर निळाई गेली नाही, उलट खुलली. पाण्याचे रेणूही प्रकाश उधळतात, हा त्यांचा निष्कर्ष. ते पत्र सप्टेंबरात मुंबई बंदरात बोट असताना "नेचर" नियतकालिकाला धाडलेलं आहे. तिथून पुढे १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चं नोबेल. माझ्या वर्गात मी हे दरवर्षी सांगते, कारण मुलांना वाटतं असले शोध दुसरीकडेच कुठेतरी लागतात.

मॅचिंगवाली_दादर

सगळ्यांचे मनापासून आभार. पेन्सिलीची सावली जावेला दाखवली. आधी तिला निळी वाटेना, मग दुसरा पांढरा कागद सावलीत धरून शेजारी ठेवला तेव्हा पटलं. आता काउंटरवर कोऱ्या कागदाचं पॅड ठेवलंय.

काका, दोन-तीन शंका राहिल्यात. पावसाळ्यात ऊनच नसतं, मग ढगांच्या उजेडात बघितलेलं चालेल का? शिवाय जूनपासून समोरचे फेरीवाले निळी ताडपत्री बांधतात, ती आमच्या दारापर्यंत येते. रात्री आठनंतर नोकरदार बायका येतात, त्यांना दिवसा या म्हणून कसं चालेल, त्यांच्यासाठी कुठली ट्यूब लावू? आणि पांढऱ्याचं काय होतं? संध्याकाळी सगळे पांढरे पीस एका माळेचे मणी, दुपारी मात्र एक झगझगीत आणि दुसरा मळलेला.

रंगखाते

ताई, पावसाळ्याचा उजेड मला सगळ्यात जास्त आवडायचा. ढगातले थेंब तरंगलांबीच्या मानाने फार मोठे, ते सगळे रंग सारखेच उधळतात. ऊन आणि आभाळ दोन्ही त्यात घोटून एकजीव होऊन खाली येतं, म्हणजे मघाशी सांगितलेल्या डी ६५ च्या पुष्कळ जवळ. सावली नाही, चमक नाही, दुपारभर फरक नाही. फक्त अगदी काळं भरून आलं असेल तर थांबा, कारण उजेड कमी झाला की मॅडमनी सांगितलेला डोळ्याचा प्रकार सुरू होतो आणि लाल शेड गडद वाटायला लागतात.

ताडपत्रीखाली मात्र मुळीच नाही. तिच्यातून गाळून येणारा उजेड निळाच, आणि त्यात वांगी, मोरपिशी, चिंतामणी हे सगळे चुकीचे खुलतात. समोरच्या इमारतीला गडद रंग लावला असेल तरी तिच्यावरून परतणारा उजेड कापडावर येतो. चार पावलं चालून उघड्यावर या.

ट्यूबचं म्हणाल तर नुसतं ६५०० केल्विन लिहिलेलं बघून घेऊ नका. साध्या पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरपाशी निळ्याचा उंच सुळका असतो आणि त्याच्या लगेच पुढे खड्डा. सरासरी रंग दिवसासारखा भासतो, पण मधल्या काही छटा उपाशी राहतात आणि मोरपिशी-रामा यांच्यात घोटाळा होतो. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर लिहिलेली ट्यूब मागा. काउंटरवर तशी एक पुरे, बाकी दुकानाला काहीही लावा. तिच्या शेजारी एक पिवळा दिवाही ठेवा. रात्री हॉलमध्ये लग्नाला नेसायची साडी असेल तर ती पिवळ्या दिव्यातही बघायलाच हवी, कारण बाईंना ती तिथेच नेसायची आहे.

पांढऱ्याची गोष्ट निराळी आहे. झगझगीत पांढऱ्यात गिरणीतच ऑप्टिकल ब्राइटनर घातलेला असतो, घरी आपण टिनोपाल किंवा रानीपाल घालायचो तीच जात. तो डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतो आणि त्याचा निळसर उजेड करून बाहेर टाकतो, म्हणून कापड पांढऱ्याहून पांढरं वाटतं. दुपारच्या उन्हात अतिनील भरपूर. संध्याकाळी निळ्याच्याही आधी तोच हवेत उधळून आणि शोषून संपतो, त्यामुळे ब्राइटनरला काम उरत नाही आणि सगळे पांढरे एका पंक्तीला येतात. एलईडीत अतिनील जवळजवळ नसतोच, तिथेही तेच होणार. म्हणून पांढऱ्यावर पांढरं लावायचं असेल तर ते फक्त दुपारी, बाहेर. मोतिया आणि ऑफ-व्हाइटचे ताके ब्राइटनरवाल्या पांढऱ्यापासून वेगळ्या फळीवर ठेवा. शेजारी राहिले की दाराशी नेल्यावर चांगला मोतियाही मळका दिसतो आणि गिऱ्हाईक तो नाकारतं.